जहाजांच्या नावांना नावं ठेवताना

जानेवारी २०१३ मधली बातमी आहे. हिंदी महासागरात गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच युद्धनौकेनं १२ सोमाली संशयितांना पकडलं. एका मालवाहू जहाजावर चाल करून गेल्याचा त्यांच्यावर आरोप होता. काही दिवसांनी त्या सगळ्यांना मॉरिशसच्या ताब्यात देण्यात आलं आणि तिथल्या कोर्टात चाचेगिरीचा खटला उभा राहिला. सोमालियाच्या किनाऱ्यावर युरोपीय संघाची मोहीम तेव्हा चालू होती, त्यामुळे अशा बातम्या येत आणि जात. ही मात्र माझ्या डोक्यात अडकून बसली ती त्या युद्धनौकेच्या नावामुळे. तिचं नाव 'सुर्कूफ'.

रोबेर सुर्कूफ हा फ्रान्समधल्या सँ-मालो ह्या बंदरगावचा माणूस. जन्म १७७३. मॉरिशस त्या काळी फ्रेंचांकडे होतं आणि त्याचं नाव होतं 'इल द फ्रान्स'. तिथल्या पोर्ट लुई बंदरातून निघायचं, बंगालच्या उपसागरात इंग्रजांची व्यापारी जहाजं गाठायची, त्यांवर माणसं चढवून ती ताब्यात घ्यायची आणि मालासकट बेटावर आणून विकायची, हा त्याचा धंदा. म्हणजे ज्या बेटावर तो लूट घेऊन यायचा, त्याच बेटावरच्या कोर्टापुढे त्याच्या नावाची नौका दोनशे वर्षांनी चाचे आणून उभे करत होती. कुणी कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकानं 'जरा जास्तच होतंय' म्हणून कापलं असतं.

युद्धनौकेचं नाव म्हणजे सरकारनं लिहिलेलं चरित्र, एका शब्दाचं. चरित्रकारानं काय ठेवलं आणि काय गाळलं हे आपण इतर चरित्रांत तपासतो, मग इथेही तपासायला हवं. फ्रेंच नौदलात सुर्कूफ, जाँ बार, द्युगे-त्रुअँ, कासार ही नावं शतकानुशतकं फिरून फिरून येतात. (शेवटच्या नावाशी आपल्या कासारांचा काही संबंध नाही, फ्रेंच माणूस ते असंच काहीसं उच्चारतो.) हे सगळे 'कोर्सेर', म्हणजे परवानेवाले लुटारू.

परवाना हा ह्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. युद्ध चालू असताना राजा खाजगी माणसाला एक कागद द्यायचा: शत्रूची जहाजं पकड, आमची हरकत नाही. जहाज, तोफा, बारूद, खलाशांचा पगार, सगळा खर्च खाजगी. गावातले व्यापारी, सावकार, कधी कधी विधवा बायकाही पैसे गुंतवायच्या. पकडून आणलेलं जहाज न्यायालयापुढे यायचं, लूट कायदेशीर ठरली की विक्री व्हायची, राज्याचा वाटा बाजूला निघायचा आणि उरलेलं भांडवलवाले नि खलाशी वाटून घ्यायचे. आजच्या भाषेत, तोफा असलेला स्टार्टअप. खलाशी पकडला गेला आणि खिशात कागद असला तर तो युद्धकैदी. कागद नसला तर फास.

आता सुर्कूफचा पहिला मोठा पराक्रम बघू. जानेवारी १७९६, ओडिशातल्या बालासोरजवळचा समुद्र. हुगळीच्या मुखाशी येणाऱ्या जहाजांना वाट दाखवणारी एक वाटाड्यांची बोट त्यानं आधीच पकडली होती. त्या ओळखीच्या बोटीत बसून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या 'ट्रायटन' ह्या मोठ्या जहाजाजवळ गेला. त्यांना वाटलं, वाटाड्या आला. वीसेक माणसांनिशी सुर्कूफनं ते जहाज घेतलं. फ्रेंच मुलं ही गोष्ट ज्या चवीनं वाचतात ती चव मला कळते, कारण गोष्ट चांगलीच आहे. पण ह्या सफरीवर त्याच्याकडे परवाना नव्हता. बेटाच्या गव्हर्नरनं तो द्यायला नकार दिला होता आणि फक्त साधी समुद्रात जायची परवानगी दिली होती. लूट घेऊन परत आल्यावर वसाहतीनं ती सरळ जप्त केली. सुर्कूफ पॅरिसला गेला, खेटे घातले, अर्जविनंत्या केल्या आणि शेवटी मागितलेल्या रकमेतला थोडा भाग पदरात पाडून घेतला.

ज्या एका कागदानं कोर्सेर आणि चाचा वेगळे होतात, तो कागद नसतानाच हा माणूस प्रसिद्ध झाला. मॉरिशसच्या कोर्टात उभ्या केलेल्या त्या बाराजणांकडेही कागद नव्हता. मी दोघांना एकाच मापानं मोजत नाहीये. सोमाली किनाऱ्यावर ओलिसांचे जे हाल झाले ते मला माहीत आहेत. एवढंच म्हणायचं आहे की ह्या नौकेच्या नावानं जो फरक ठासून सांगायचा आहे, तो त्या नावाच्या मालकानं स्वतः पाळला नव्हता.

आणि ह्याच्याही आधीचं एक पान आहे. सुर्कूफ पंधरा वर्षांचा असताना, १७८९ मध्ये, 'ओरोर' नावाच्या व्यापारी जहाजावर लागला. ते जहाज पाँडिचेरीला आलं, तिथून मॉरिशसला गेलं, मग मोझांबिकला गुलाम विकत घ्यायला गेलं. फेब्रुवारी १७९० मध्ये मोझांबिकच्या सामुद्रधुनीत ते फुटलं. जहाजावर कोंबलेले चारशे गुलाम मेले. पोरवयात हे बघितल्यावर माणूस त्या धंद्यापासून पळेल असं आपल्याला वाटतं, म्हणजे कादंबऱ्यांनी आपल्याला तसं वाटायची सवय लावली आहे. सुर्कूफ पळाला नाही. फेब्रुवारी १७९४ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सनं गुलामगिरी रद्द केली, आणि त्यानंतर हा स्वतः कप्तान होऊन 'क्रेओल' नावाच्या जहाजातून गुलामांची ने-आण करत राहिला.

ह्या प्रकरणाचा एक किस्सा त्याच्या चरित्रांत मोठ्या कौतुकानं येतो. तपासणीला जहाजावर चढलेल्या अधिकाऱ्यांना त्यानं गोड बोलून जेवायला बसवलं, गुपचूप नांगर उचलला आणि त्यांना घेऊन समुद्रात निघाला. घाबरलेल्या अधिकाऱ्यांनी हवा तसा अहवाल लिहून दिला तेव्हाच सोडलं. किस्सा खरा असेल, खोटा असेल. मला त्रास होतो तो सांगण्याच्या सुराचा. अधिकाऱ्यांची फजिती, सुर्कूफचा खट्याळपणा, हशा. ज्या माणसांमुळे हे अधिकारी तपासणीला आले होते, ती ह्या प्रसंगात कुठेच नाहीत. विनोद जमावा म्हणून त्यांना गोष्टीतून उतरवून टाकलेलं आहे.

सुर्कूफची दंतकथा उभी करण्यात चित्रकार लुई गार्नरे ह्याचा वाटा मोठा. तो तरुणपणी सुर्कूफच्या 'कॉन्फियान्स' जहाजावर होता, नंतर इंग्रजांच्या कैदेत अनेक वर्षं काढली, पुढे समुद्राची चित्रं काढून नाव कमावलं आणि उतारवयात आठवणी लिहिल्या. ऑक्टोबर १८०० मध्ये सुर्कूफनं बंगालच्या उपसागरात कंपनीचं 'केंट' जहाज घेतलं. केंटवर माणसं त्याच्यापेक्षा दुपटीहून जास्त होती, उंचीनंही ते मोठं होतं. ही लढाई गार्नरेनं रंगवली आणि लिहिलीही. अभ्यासक त्याच्या तपशिलांवर जपूनच विश्वास ठेवतात. तरी धूर, दोरखंड, कुऱ्हाडी आणि खालून वर चढणारी माणसं हे जे चित्र आजही सिनेमांत आणि गेममध्ये दिसतं, त्याच्या मुळाशी असलेल्यांपैकी हा एक. कारागीर म्हणून गार्नरे फार वरचा. हिशेबनीस म्हणून नाही.

त्या काळातलं एक उत्तर सुर्कूफच्या नावावर सांगितलं जातं. एक इंग्रज अधिकारी त्याला म्हणाला की तुम्ही फ्रेंच पैशासाठी लढता, आम्ही मानासाठी. सुर्कूफ म्हणाला, ज्याच्याकडे जे नसतं त्यासाठी तो लढतो. हेच उत्तर इतरांच्या तोंडीही घातलेलं आढळतं, त्यामुळे ते नक्की कुणाचं ते सोडून देऊ. वाक्य फक्कड आहे आणि नेमक्या ह्याच कारणासाठी मला ते संशयास्पद वाटतं. टाळ्या पडतात आणि प्रश्न हवेत विरतो. मुळात इंग्रजाचा दावाच पोकळ होता. केंट हे कुठल्या राजाच्या मानाचं जहाज नव्हतं, लंडनच्या भागधारकांना लाभांश देणाऱ्या कंपनीचं ते जहाज होतं. दोन्ही बाजूला व्यापारी, दोन्ही बाजूला वहीखाती. 'मान' हा शब्द त्या संभाषणात दोघांच्याही सोयीचा होता.

कासारची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, आणि माझ्या मते ती सगळ्यांत बोलकी आहे. झाक कासार, नाँतचा, जन्म १६७९. त्यानं उपाशी मार्सेय शहरासाठी धान्याचे ताफे शत्रूमधून सुखरूप आणले, स्वतःच्या पदरचा पैसा घातला, सुरिनाम आणि क्युरासाओपर्यंत जाऊन खंडणी वसूल केली. युद्ध संपलं आणि तो आपली बिलं घेऊन सरकारच्या दारात उभा राहिला. वर्षानुवर्षं उभा राहिला. त्याची जीभ तिखट होती आणि दरबारी रीत त्याला येत नव्हती. शेवटी सरकारनं त्याला आम नावाच्या किल्ल्यात कोंडलं आणि तिथेच १७४० मध्ये तो मेला. पुढे फ्रेंच नौदलानं त्याच्या नावानं जहाजं काढली. अगदी अलीकडची फ्रिगेट १९८८ पासून २०१९ पर्यंत सेवेत होती. ज्यांनी सरकारी खात्याकडून थकीत पेमेंट मिळवायचा प्रयत्न केला असेल, त्यांना कासारबद्दल मी वेगळं काही सांगायला नको.

त्याच पिढीतला द्युगे-त्रुअँ ह्याच्या उलट. १७११ मध्ये राजाची जहाजं आणि खाजगी गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन तो रिओ द जानेरोवर गेला, शहर घेतलं आणि सोनंनाणं, साखरेच्या पेट्या नि गुरं अशी खंडणी घेऊन ते परत केलं. परतीच्या वादळात दोन जहाजं माणसांसकट बुडाली. तरी गुंतवणूकदारांना घसघशीत नफा झाला. त्यानं आठवणी लिहिल्या. त्या त्याच्या परवानगीशिवाय १७३० मध्ये अॅमस्टरडॅमला कुणीतरी छापून टाकल्या. अधिकृत आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर १७४० मध्ये आली. म्हणजे लुटारूच्या पुस्तकाची पायरेटेड कॉपी आधी निघाली. कासार तुरुंगात मेला त्याच वर्षी द्युगे-त्रुअँची शुद्ध प्रत प्रकाशित झाली, हे मला नुसत्या योगायोगापेक्षा जास्त वाटतं. ज्याला लिहिता येतं आणि दरबारात वागता येतं त्याचं चरित्र त्याच्या हातात राहतं.

इथवर माणसं झाली. त्यांच्या नावाच्या जहाजांचं काय झालं? ही जहाजं नावाप्रमाणे वागतच नाहीत.

'द्युगे-त्रुअँ' नावाचं एक लढाऊ जहाज १८०५ मध्ये ट्रफाल्गरला होतं. तिथून निसटलं आणि पंधरवड्यात, ४ नोव्हेंबरला, इंग्रजांच्या हाती लागलं. त्यांनी त्याचं नाव बदलून 'इम्प्लॅकेबल' केलं आणि जवळजवळ दीडशे वर्षं वापरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीला पैसा नाही म्हणून २ डिसेंबर १९४९ ला स्फोटकं लावून ते समुद्रात बुडवलं, फ्रेंच आणि ब्रिटिश असे दोन्ही झेंडे फडकावून. त्याचा मागचा नक्षीदार भाग आज लंडनच्या ग्रिनिचमधल्या संग्रहालयात भिंतीवर आहे. शत्रूची जहाजं धरून आणणाऱ्याच्या नावाचं जहाज, आयुष्यातला बहुतेक काळ धरलेलं जहाज म्हणून जगलं.

'जाँ बार' ही अर्धवट बांधलेली बॅटलशिप जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पोचायच्या आत सँ-नाझेरमधून निसटली आणि कासाब्लांकाला गेली. मूळचा जाँ बार डंकर्कचा. १६९४ मध्ये त्यानं डचांनी पळवलेला धान्याचा ताफा परत हिसकावला आणि भुकेल्या फ्रान्सला भाकरी मिळाली, म्हणून चौदाव्या लुईनं त्याला सरदारकी दिली. त्याच्या नावाच्या बॅटलशिपनं नोव्हेंबर १९४२ मध्ये तोफा डागल्या त्या अमेरिकनांवर, म्हणजे पुढे फ्रान्सला सोडवायला येणाऱ्यांवर. हुकूम विशी सरकारचा होता.

आणि 'सुर्कूफ' पाणबुडी. हिच्यावर मी किती तरी रात्री वाचत बसलो आहे. १९२९ मध्ये पाण्यात उतरली, त्या वेळची जगातली सगळ्यांत मोठी पाणबुडी, ११० मीटर लांब. पाणबुडीवर २०३ मिलिमीटरच्या दोन तोफा, म्हणजे क्रूझरच्या मापाच्या. पोटात घडी करून ठेवलेलं छोटं समुद्री विमान. पकडलेल्या जहाजांवर माणसं पाठवायला वेगळी बोट, आणि पकडलेल्या चाळीस माणसांसाठी कोठडी. थोडक्यात, विसाव्या शतकातला कोर्सेर. कॉन्फियान्सनं जे केलं तेच हिनं करायचं होतं, फक्त पाण्याखालून जाऊन. इतर देश एवढे बिचकले की १९३० च्या लंडन करारात पाणबुडीच्या वजनावर आणि तोफांवर मर्यादा घातल्या गेल्या. 'सुर्कूफ' तेवढी अपवाद म्हणून ठेवू दिली.

ती कोठडी कैद्यांनी कधी भरली नाही. हिनं शत्रूचं एकही व्यापारी जहाज धरलं नाही. उलट ३ जुलै १९४० च्या पहाटे, प्लिमथमध्ये नांगरून असताना, फ्रेंच जहाजं जर्मनांच्या हाती पडतील ह्या भीतीनं ब्रिटिश हिच्यावर चढले. झटापटीत तीन ब्रिटिश आणि एक फ्रेंच मेला. दुसऱ्याच्या जहाजावर चढण्यासाठी जी बांधली, तिच्यावरच दुसरे चढले, आणि तेही मित्र. मग ती द गॉलच्या मुक्त फ्रेंच नौदलात गेली. डिसेंबर १९४१ मध्ये तीन कॉर्व्हेटांबरोबर जाऊन तिनं कॅनडाजवळची सँ-पियेर आणि मिकलाँ ही फ्रेंच बेटं विशीकडून सोडवली. १८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री, पनामा कालव्याच्या उत्तरेला कॅरिबियन समुद्रात ती नाहीशी झाली. बहुधा अंधारात एका अमेरिकन मालवाहू जहाजाची धडक बसली. १३० माणसं गेली.

तर मग २०१३ ची ती फ्रिगेट नक्की कोणाच्या नावाची? १८०० सालच्या सँ-मालोच्या व्यापाऱ्याच्या, की १९४२ च्या त्या १३० जणांच्या? फ्रेंच नौदलात नाव वारशानं येतं, त्यामुळे दोन्ही उत्तरं खरी आहेत. ह्या फ्रिगेटच्या वर्गात एक 'अकोनी' आहे. पाणबुडीबरोबर सँ-पियेरला गेलेल्या तीन कॉर्व्हेटांपैकी एकीचं हे नाव. पाणबुडीचा शेवटचा कप्तान ब्लेझाँ ह्याच्या नावानंही स्वतंत्र नौका निघाली. माझ्या लेखी 'सुर्कूफ' ह्या नावाला जो काही मान आहे तो ह्या दुसऱ्या गोष्टीतून आला. पहिला सुर्कूफ आपल्या नावाला उगाच पुरून उरतो.

गंमत म्हणजे हा भेद सरकारी संस्कृतीपेक्षा फोनवरच्या गेमनं जास्त नीट सांभाळला आहे. 'अझुर लेन' खेळणाऱ्यांना जाँ बार आणि सुर्कूफ ओळखीच्या असतील. तिथे युद्धनौका म्हणजे मुली असतात. ह्या प्रकाराबद्दल माझ्या तक्रारी बऱ्याच आहेत. पण तिथे जाँ बार विशी गटात आहे आणि सुर्कूफ मुक्त फ्रेंचांत, १९४० ची फूट जशी होती तशी. आणि 'वन पीस'मधला जाँ बार आठवतो? धिप्पाड, गळ्यात पट्टा, सेलेस्टियल ड्रॅगनचा गुलाम, ज्याला ट्रफाल्गर लॉ सोडवतो. ओदानं हे मुद्दाम केलं की नाही कोण जाणे, पण कोर्सेराच्या नावाच्या माणसाला गुलामाच्या जागी उभं करणं हे माझ्या वाचनात आलेलं ह्या नावांचं सगळ्यांत धारदार वाचन आहे.

मराठी वाचक म्हणून आपली एक अडचण आहे. कान्होजी आंग्र्यांना कंपनीच्या कागदांत वर्षानुवर्षं 'पायरेट' म्हटलं गेलं. ते मराठ्यांचे सरखेल होते, दस्तक घेतल्याशिवाय आपल्या पाण्यातून जाऊ द्यायचे नाहीत, आणि हे त्यांच्या राज्याच्या अधिकारात बसत होतं. आज मुंबईत नौदलाचा तळ 'आयएनएस आंग्रे' नावानं आहे आणि ते योग्यच आहे. पण हा जुना सल असल्यामुळे, इंग्रजांनी ज्याला ज्याला चाचा म्हटलं तो तो आपल्याला आपला वाटू लागतो. त्याच कंपनीचं केंट घेतलं म्हटल्यावर मीही आधी मनातल्या मनात टाळी वाजवली होती. सुर्कूफ आणि आंग्रे ह्यांना एका ओळीत बसवायचा मोह मात्र टाळायला हवा. एकाकडे राज्य होतं, किल्ले होते, रयत होती. दुसऱ्याकडे गुंतवणूकदार होते.

१८५६ मध्ये पॅरिसच्या जाहीरनाम्यानं हा परवानेवाला धंदा कायमचा बंद केला, आणि फ्रान्सनं त्यावर सही केली. सँ-मालोत सुर्कूफचा पुतळा उभा राहिला १९०३ मध्ये, म्हणजे धंदा बेकायदा ठरून जवळजवळ अर्धं शतक झाल्यावर. हात समुद्राकडे, बोट इंग्लंडच्या दिशेला. मोझांबिककडे पाठ.

'सुर्कूफ' फ्रिगेट १९९७ पासून सेवेत आहे. तिच्या वर्गातल्या पाचांपैकी तिघींचं नूतनीकरण झालं, त्यांत ती नाही. म्हणजे फार वर्षं जायच्या आत हे नाव मोकळं होईल आणि नव्या सांगाड्यावर ते द्यायचं का हे कुणाला तरी ठरवावं लागेल. नावं बदलता येतात. नव्या अणुपाणबुड्यांपैकी दोघींना ठरवून ठेवलेली जुन्या आरमारी सरदारांची नावं २०१८ मध्ये काढून त्यांच्या जागी महायुद्धातल्या 'रुबी' आणि 'कासाबियांका' ह्या पाणबुड्यांची नावं दिली गेली. तसंच इथेही करता येईल. नाव 'सुर्कूफ'च राहू दे, पण ते पाणबुडीचं म्हणून द्यावं आणि नौकेवरच्या पाटीवर तसं लिहावं. त्याच पाटीवर 'ओरोर'साठी एक ओळ मावेल. तिथे लिहायला चारशे हा आकडा आहे, एकही नाव नाही.